कॉम्प्युटरच्या खोलीची तिसरी किल्ली

खोली मी द्यायलाच नको होती. जेनेबाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं थोडं वेगळं आहे. ती म्हणते, खोली दिलीत ते ठीकच केलंत. तुम्ही तोंड उघडायला नको होतं.

राजधानीतल्या, म्हणजे फ्रीटाऊनच्या, एका संस्थेने आमच्या बो शहरातल्या पोरापोरींना कॉम्प्युटर शिकवायचं मनावर घेतलं होतं. नुसती बटणं दाबायला नव्हे, तर शिकून झाल्यावर घरबसल्या कंपन्यांची कामं करता येतील असं पक्कं. डझनभर लॅपटॉप संस्थेचे, शिकवणारं माणूस संस्थेचं, परीक्षा संस्थेची. आमच्या वॉर्डाच्या सुधारणा समितीने द्यायची ती फक्त एक खोली.

समितीच्या बैठकीत मी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा टाळ्या पडतील अशी माझी समजूत होती. पडली ती शांतता.

"फुकट?" पा बोइमांनी विचारलं. पा बोइमा तुरुंगातून सुटलेले आहेत. गैरसमज नको, वॉर्डर होते, निवृत्त झाले. पण सगळी उमर कैद्यांमध्ये काढल्यामुळे समोरचा माणूस कशासाठी आत आला असेल, असाच त्यांच्या डोळ्यांत भाव असतो.

"हो, फुकट."

"का?"

मग मामी याटा बोलल्या. त्या बाजारात धुरावलेली मासळी विकतात आणि बाजारातल्या सगळ्या बायकांच्या पुढारी आहेत. ('पा' आणि 'मामी' आमच्याकडे मोठ्यांना मानाने म्हणतात, नात्याने नव्हे.) "देतायत तर घेऊ. पण ठेवणार कुठे?"

इथे मी तोंड उघडलं. माझ्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. मी जमीन मोजणी कचेरीतला हेड क्लार्क. समाजासाठी काही करावं असं अधूनमधून वाटतं. म्हटलं, "माझी समोरची खोली आहे की."

"तुमच्या घरात?" मामी याटांनी डोळे बारीक केले. "आणि रात्री?"

"रात्री काय? रात्री कॉम्प्युटर कुठे जाणार?"

"तेच विचारतेय मी."

सगळी समिती माझ्याकडे बघायला लागली. ज्या माणसाने कचेरीतली टाचणीसुद्धा कधी घरी आणली नाही (एकदा आणली होती, कॉलरला लावलेली होती, ध्यानात नव्हतं), त्या माणसाकडे! माझा स्वाभिमान असा पेटला की मी उभाच राहिलो. "एक कुलूप नको," मी म्हटलं, "तीन कुलपं लावू! एक किल्ली माझ्याकडे, एक पा बोइमांकडे, एक मामी याटांकडे. तिघं एकत्र आल्याशिवाय दार उघडणार नाही. मग तर झालं?"

झालं. त्या दिवशी पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

कुलपं घ्यायला आम्ही तिघंही गेलो, कारण एकट्याने गेलेला माणूस जादा किल्ली करून घेईल. बाजारातल्या लेबनानी दुकानदाराने कुलूप टेबलावर असं आपटलं की त्याचा चहा सांडला. म्हणाला, "हत्ती आणा. उघडलं तर पैसे परत." पा बोइमांनी प्रत्येक कुलूप कानाशी नेऊन वाजवलं, आत काय बोलणं चाललंय ते ऐकल्यासारखं. मग म्हणाले, "कुलूप चांगलंय. दार?"

दार लाकडाचं होतं. ते काढून लोखंडी पत्र्याचं बसवलं. लोखंडी दार झाल्यावर खिडकी कच्ची वाटायला लागली, म्हणून खिडकीला गज ठोकले. गजांमधून हात जाईल अशी शेजारच्या टेलरने शंका काढली. हात गेला तर लॅपटॉप बाहेर येईल का, यावर समितीत एक आख्खी बैठक झाली, आणि गजांवर जाळी आली. शेवटी त्या खोलीत उजेडसुद्धा परवानगी काढून आल्यासारखा यायचा.

खोकी आली तेव्हा ती उघडायला कुणी तयार होईना. जो उघडेल त्याच्यावर उद्या आळ. पण बंद खोक्यांत विटा नाहीत कशावरून? मग मामी याटांनी एकेक खोकं उचलून तोललं. मासळीची टोपली हातावर घेऊन आत ओली किती, सुकी किती ते सांगणारी बाई ती. "भरलेली आहेत," त्या म्हणाल्या. "कशाने, ते मी सांगणार नाही." तिन्ही कुलपं लागली. पा बोइमांनी आपली किल्ली गळ्यात अडकवली आणि सदऱ्याचं बटण लावलं.

शिकवणारं माणूस शुक्रवारी येणार होतं. सोमवारी वर्ग सुरू व्हायचा, आणि त्याच सकाळी संस्थेचे मिस्टर प्रॅट स्वतः बघायला येणार होते. वर्ग चालू दिसला नाही तर लॅपटॉप केनेमाला जातील, असा त्यांचा निरोप होता. केनेमा, आमच्याशी कायम चढाओढ करणारं शहर! आमच्याकडे पोराला शिक्षा म्हणूनसुद्धा कुणी केनेमाचं नाव घेत नाही.

शुक्रवारी दुपारी दारात एक चणीने बारीक मुलगी उभी राहिली. पाठीवर पिशवी, हातात मोबाइल. मी म्हटलं, "रिचार्ज नको आहे, बाळ."

"मी बाइंदू लहाई," ती म्हणाली. "वर्ग घ्यायला आलेय."

"सर कुठे आहेत?"

"सर म्हणजे मीच."

पा बोइमांना आणि मामी याटांना निरोप गेला. पा बोइमांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि समोर उभे राहिले. कुठून आलीस, कुणी पाठवलं, बरोबर कोण होतं, वाटेत कुणाशी बोललीस, सगळं विचारून झालं. तीही न चिडता उत्तरं देत होती. शेवटी पा बोइमा म्हणाले, "आणि मध्येच वीज गेली तर?"

"त्यांना बॅटरी असते, पा."

पा बोइमांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीकडे उत्तर आधीच तयार होतं, हे त्यांना बिलकुल आवडलं नव्हतं.

"मला एकदा खोली बघता येईल?" तिने विचारलं.

"सोमवारी," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. आमचं एकमत झालेली ती पहिली आणि शेवटची गोष्ट.

शनिवारी सकाळी मामी याटा धापा टाकत आल्या. "पा बोइमा गेले!"

मी मटकन खालीच बसलो. "अरे देवा. कधी?"

"पहाटेच्या गाडीने. पुजेहुनच्या पलीकडे, त्यांच्या वारलेल्या आत्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला."

गेले म्हणजे गावाला गेले होते. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग भांडंच फुटलं. "आणि किल्ली?"

मामी याटांनी नुसता आपल्या गळ्यावरून हात फिरवला.

नदी ओलांडून पुढे त्या गावात मोबाइल लागत नाही. चाळिसाव्याला गेलेला माणूस भात संपेपर्यंत परत येत नाही. सोमवार दोन दिवसांवर. बाइंदू शांतपणे म्हणाली, "कुलूप तोडूया."

करवतीची पाती आणली. ती एकामागून एक मोडली. तो लेबनानी खोटं बोलला नव्हता, याचा आयुष्यात पहिल्यांदाच मला राग आला. वेल्डर आला, त्याने यंत्र जोडलं, चष्मा चढवला, आणि वीज गेली. तासभर तो चष्मा चढवूनच बसून राहिला. टेलर कुंपणावर हात टेकून म्हणाला, "तेव्हाच सांगणार होतो, एक किल्ली जास्तीची करून ठेवा. पण म्हटलं, संशय घ्याल."

"छपरातून?" मामी याटांनी विचारलं. छपराखाली मीच जाळी मारून घेतली होती.

मग बाइंदू घराला एक फेरी मारून आली. "या खोलीच्या मागे काय आहे?"

मागे आमची निजायची खोली होती. मध्ये फक्त भिंत. मी काही बोलायच्या आत जेनेबा कमरेवर हात ठेवून पुढे आली. "माझ्या पलंगाच्या उशाशी भोक पाडायचं म्हणताय?"

"तात्पुरतं," मी म्हटलं.

"पोरं कुठून जाणार-येणार? माझ्या पलंगावरून?"

"पलंग सरकवू."

तिने जरा विचार केला. मग बाइंदूकडे वळली, माझ्याकडे नव्हे. "वर्गात खुर्च्या किती आहेत? एक माझी. दार माझ्या खोलीत, तर खुर्ची मला. नाहीतर भिंतीला हात लावायचा नाही."

"या ना, आंटी," बाइंदू म्हणाली.

मला हे गंमतीचं वाटलं. बायकोला कॉम्प्युटर! मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची आठवण मी अजून कुणाला काढू देत नाही.

गवंड्याने पहिला घाव घातला आणि माझ्या अब्रूला तडा गेला. आता सांगायला हरकत नाही, कारण सगळ्या वॉर्डाने पाहिलंच आहे: आमचं घर सिमेंटच्या ब्लॉकचं आहे असं मी घर बांधल्यापासून सांगत आलो होतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा होताच. आत मातीच्या विटा होत्या. दुसऱ्या घावाला गिलावा गळून पडला आणि लालभडक माती ढासळत जेनेबाच्या पेटाऱ्यावर आली.

खिडकीतून सगळी गल्ली डोकावत होती. मामी याटांनी एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरडलं. "पा स्वारे," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "हे सिमेंट जरा लाल आहे, नाही?"

मी उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात दारात पोलीस आला. कुणीतरी कळवलं होतं, की कॉम्प्युटरच्या खोलीला भगदाड पाडणं चाललंय, आणि त्यात हेड क्लार्क सामील आहे. (कुणी कळवलं ते समजलं नाही. टेलर मात्र त्या दिवसापासून माझ्याकडून शिलाई कमी घेतो.)

"भिंत कुणाची?" पोलिसाने विचारलं.

"माझी."

"स्वतःच्या घराची भिंत का फोडताय?"

"आत जायला."

"दार आहे की."

"त्याला कुलूप आहे."

"किल्ली हरवली?"

"नाही, दोन किल्ल्या आहेत आमच्याकडे."

"मग उघडा."

"तीन लागतात."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "घर तुमचंच आहे याचा काही पुरावा? जागेची मोजणी वगैरे?"

अशा वेळी जमीन दुभंगत नाही, कारण तिची मोजणी झालेली नसते. साऱ्या बो शहराच्या जमिनींच्या मोजण्या ज्याच्या टेबलावरून जातात, त्याच्या स्वतःच्या जागेची मोजणी राहिली होती. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी करू. हे मी पोलिसाला हळू आवाजात सांगितलं. तो मोठ्याने म्हणाला, "मोजणीच नाही?" खिडकीत पुन्हा हशा झाला.

शेवटी जेनेबाने त्याला आल्याचं सरबत दिलं आणि भिंतीवरचा आमच्या लग्नाचा मोठा फोटो दाखवला. "हा माणूस चोर असता," ती म्हणाली, "तर माझ्याकडे आज सोन्याच्या बांगड्या असत्या." पोलिसाने फोटो पाहिला, मला पाहिलं, आणि त्याची खात्री पटली.

सोमवारी सकाळी वर्ग भरला. पोरं-पोरी आमच्या पलंगाच्या पायथ्याशी चपला काढून, वर बांधलेल्या मच्छरदाणीखालून वाकून, भगदाडातून आत जात होती. मामी याटांची भाची तेवा सगळ्यांत पुढे. जेनेबा ठेवणीतला पोशाख घालून दुसऱ्या रांगेत. मिस्टर प्रॅट आले. उंच, चष्मा, हातात रुमाल. मी त्यांना घरातून आणलं. आमच्या फुलाफुलांच्या चादरीपाशी ते थबकले.

"हे काय आहे?"

"स्वागतकक्ष," आतून जेनेबाने सांगितलं.

मिस्टर प्रॅट वाकून आत गेले. वर्ग बघितला. मग लोखंडी दाराकडे, गजांकडे, जाळीकडे बघितलं. बाहेर जाऊन ती तीन कुलपंही बघून आले. म्हटलं, संपलं, लॅपटॉप केनेमाला चालले.

"मिस्टर स्वारे," ते म्हणाले, "गेल्या वर्षी एका गावात आठवड्याच्या आत सगळं सामान गेलं. आणि इथे विद्यार्थ्यांनासुद्धा आत जाता येत नाही. शाबास!" त्यांनी माझा हात हातात घेतला. रुमाल मातीने लाल झाला होता, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

पा बोइमा गुरुवारी परतले. घरीसुद्धा न जाता ते थेट आमच्या ओटीवर आले, मामी याटांना बोलावणं धाडलं आणि बंद कुलपांवरून बोट फिरवून म्हणाले, "माझं कुलूप जसंच्या तसं आहे. कुणाचा हात लागलेला नाही." गळ्यातली किल्ली काढली. आम्ही आपापल्या किल्ल्या काढल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला काही सांगवेना. मामी याटांनाही सांगवेना, आणि हे त्यांच्या बाबतीत नवलच.

दार उघडलं. आत वर्ग चालू होता.

पा बोइमा आत गेले, भगदाडापाशी पोचले, त्यातून डोकं घालून आमच्या निजायच्या खोलीत पाहिलं, परत आले. "माझ्या नोकरीत एकही माणूस बाहेर पळाला नाही," ते हळूच म्हणाले. "पण आत पळतील, असं कधी मनातच आलं नव्हतं." मला त्यांची खरोखर दया आली. जेनेबाने त्यांना शेंगदाण्याच्या कालवणाबरोबर भात वाढला. तो त्यांनी मुकाट्याने खाल्ला आणि जाताना किल्ली माझ्या हातात दिली. मी ती घेतली नाही. म्हटलं, राहू द्या तुमच्याकडे. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

तिन्ही किल्ल्या रोज सकाळी एकत्र येणं काही जमेना, म्हणून पुढचे सहा आठवडे माझं घर म्हणजे रस्ता झाला होता. मी कपडे न्हाणीत बदलायचो. परीक्षा झाली. तेवाला फ्रीटाऊनच्या एका कंपनीचं काम मिळालं. आणखी दोघांना मिळालं. आणि माझ्या बायकोला मिळालं.

सौर दिवे विकणारी कंपनी होती. देशभरातून गिऱ्हाइकं विचारायची, दिवा लागत नाही, दिवा लुकलुकतो. त्यांना जेनेबाने उत्तरं द्यायची आणि कुणाचा कुठला दिवा कुठे आहे ते कॉम्प्युटरवर ठेवायचं. आमच्याच समोरच्या खोलीत तिचं टेबल लागलं. मी कचेरीतून यायचो तेव्हा ती कानांवर हेडफोन लावून हसत असायची. कुणाशी? दिवा बिघडलेला माणूस इतका गमतीदार कसा बोलतो? एकदा मी भगदाडातून डोकं घातलं. तिने माझ्याकडे न बघता बोट वर केलं. थांबा. कामात आहे. लग्नापासून आमच्या घरात असं बोट वर करायचा हक्क फक्त माझा होता.

मी पा बोइमांपाशी मन मोकळं केलं. ते म्हणाले, "आत काय चाललंय ते कळायचं तर आत जायला हवं. शिका."

बाइंदूने मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढला होता. मी, पा बोइमा आणि मामी याटा पहिल्या रांगेत बसलो. पहिले काही दिवस मला तो माउस नावाचा उंदीर हातात धरवेना. पण एका संध्याकाळी बाइंदू म्हणाली, "आज पासवर्ड. हा तुम्ही मनातच ठरवायचा, आणि कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही."

आम्ही तिघंही सरळ बसलो. इतके दिवस जे यंत्र परकं वाटत होतं, त्यात आमच्या मनातलं काहीतरी निघालं होतं. पा बोइमांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मामी याटा सांगतात. आम्ही एकमेकांकडे पाठ करून, हाताचा आडोसा करून पासवर्ड घातले. मामी याटांनी तर डोक्यावर पदरासारखं कापड ओढून घेतलं. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी मला तो आठवेना.

आईचं नाव घालून पाहिलं. गावाचं नाव घातलं. नव्याने सुरू केलेल्या जागेच्या मोजणीचा नंबर घातला. पडदा प्रत्येक वेळी नाही म्हणायचा. बाइंदू पाठीशी उभी राहिली. "कुणाला सांगितला होता का, पा?"

"मी?" माझा आवाज चढला. "बायकोलासुद्धा नाही!"

पलीकडच्या टेबलावर जेनेबाचं काम चालू होतं. तिने मान वर केली नाही. "माझं नाव घाला," ती म्हणाली. "पहिलं अक्षर मोठं. त्याला लागून आपल्या लग्नाचं साल."

मी नाव घातलं. भगदाडातून भिंतीवरचा फोटो दिसत होता, खाली साल रंगवलेलं. ते बघून घातलं. पडदा नाही म्हणाला.

"बघ!" मी म्हटलं. "नाहीये तो."

"फोटोवरचं साल नका घालू," जेनेबा म्हणाली. "ते बरोबर आहे. तुमच्या डोक्यात जे आहे ते घाला."

मी ते घातलं. उघडलं.

तेव्हा मला आठवलं. इतका संसार झालेला माणूस बायकोचं नाव घालेल, असा संशय कुणालाच येणार नाही, असा विचार करून मी ते निवडलं होतं.

पा बोइमा माझ्या कानाशी झुकले. "स्वारे, आजच्या आज बदला," ते कुजबुजले. "आतलं माणूस फुटलंय."

आतल्या माणसाने तोवर हेडफोन लावले होते, आणि ते माकेनीच्या कुणा बाईला, न चिडता, दिवा उन्हात कसा ठेवायचा ते पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगत होतं.